वाचकांचे प्रश्न : परदेशी कंपनीतला पैसा आणि त्यावरची सही

परदेशी शेअर्सबद्दल सदराकडे आलेल्या पत्रांमधून काही पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. शब्द वेगवेगळे असले तरी काळजी एकच आहे : कंपनी चालवणाऱ्यांनीच खोटे आकडे लिहिले किंवा पैसा पळवला, तर इथे बसून आपल्याला ते कळणार कसं आणि हाती काय लागणार? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न (नाशिक) : मोबाइल ॲपवरून नॅस्डॅकवरच्या एका चिनी कंपनीचे शेअर घ्यायचा विचार आहे. नॅस्डॅकवर नोंद आहे, मोठ्या ऑडिट फर्मची सही आहे. म्हणजे अमेरिकी कायद्याचं संरक्षण मिळालंच ना?

उत्तर : अर्धंच मिळालं. शेअर न्यूयॉर्कमध्ये खरेदी-विक्री होतो, पण कंपनीची दुकानं, बँक खाती, सर्व्हर आणि मुख्य म्हणजे सह्या करणारी माणसं चीनमध्ये असतात. अमेरिकेचा रोखे आयोग (एसईसी) कंपनीला दंड करू शकतो, पण चीनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला उचलून आणू शकत नाही. चीनचा प्रत्यार्पण कायदा स्वतःचे नागरिक दुसऱ्या देशाच्या हवाली करू देत नाही. शिवाय मार्च २०२० पासून लागू असलेल्या चीनच्या रोखे कायद्यानुसार तिथल्या सरकारची परवानगी नसेल तर रोखे व्यवहारांसंबंधीची कागदपत्रं परदेशी नियामकाला देता येत नाहीत.

लकिन कॉफी या चिनी कॉफी दुकानांच्या साखळीचं उदाहरण पाहा. मे २०१९ मध्ये ही कंपनी नॅस्डॅकवर आली. २ एप्रिल २०२० रोजी तिने स्वतःच जाहीर केलं की २०१९ च्या शेवटच्या तीन तिमाहींतली सुमारे २.२ अब्ज युआनची विक्री बनावट होती. शेअर त्या एका दिवसात सुमारे ७५ टक्के पडला आणि जूनअखेर नॅस्डॅकवरून निघाला. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने १८ कोटी डॉलर दंडावर तडजोड केली. हा दंड कंपनीवर होता, आणि कंपनी म्हणजे शेवटी भागधारकच.

शेअर घेण्याआधी एसईसीच्या ‘एडगर’ या मोफत संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि वार्षिक अहवाल कोणत्या फॉर्मवर आहे ते पाहा. अमेरिकी कंपनी १०-के भरते, दर तिमाहीला १०-क्यू देते, महत्त्वाची घटना ८-के वर कळवते. परदेशी कंपनीला ‘फॉरेन प्रायव्हेट इश्युअर’ म्हणून सवलत असते. ती वर्ष संपल्यावर चार महिन्यांत २०-एफ भरते आणि अधूनमधून ६-के देते. एसईसीचा तिमाही अहवालाचा नियम तिला लागू नाही, भागधारकांच्या मतदानाच्या कागदपत्रांचे नियमही लागू नाहीत. त्यामुळे अमेरिकी कंपनीबद्दल तीन महिन्यांत कळणारी गोष्ट इथे कधी कधी वर्षानंतर कळते.

२०-एफ दोनशे-तीनशे पानांचा असतो. सगळा वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचाच : कलम ३-डी मधले धोके, ४-सी मधली कंपन्यांची साखळी, ७-बी मधले संबंधितांशी व्यवहार, १५ मधली अंतर्गत नियंत्रणं आणि १६-एफ मधला ऑडिटर बदल. कलम १५ मध्ये ‘मटेरियल वीकनेस’ हे शब्द दिसले तर हिशेबाच्या यंत्रणेत भोक असल्याची ती लेखी कबुली समजा. छोट्या कंपनीत एखादं वर्ष ते चालून जाईल. सलग तीन वर्षं तेच वाक्य छापून येत असेल तर आम्ही त्या कंपनीपासून दूर राहू.

ऑडिटरच्या सहीखाली शहराचं नाव असतं. फर्मचं नाव जगप्रसिद्ध असलं तरी काम तिच्या स्थानिक शाखेने केलेलं असतं, आणि ती कायद्याने बहुधा स्वतंत्र संस्था असते. या शाखांचं काम तपासणारी अमेरिकी संस्था पीसीएओबी. तिला चीन आणि हाँगकाँगमध्ये अनेक वर्षं प्रवेशच नव्हता. लकिननंतर, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेने कायदा केला : तपासणी होऊ दिली नाही तर तीन वर्षांनी (पुढे ही मुदत दोन वर्षांवर आणली) शेअर बाजारातून बाहेर. ऑगस्ट २०२२ मध्ये करार झाला आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी पीसीएओबीने पूर्ण प्रवेश मिळाल्याचं जाहीर केलं. तिच्या संकेतस्थळावर फर्मनिहाय तपासणी अहवाल आहेत. कोणत्या भागीदाराने कोणत्या कंपनीचं ऑडिट केलं तेही तिथे शोधता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण करणारे फार थोडे.

प्रश्न (पुणे) : एका परदेशी कंपनीच्या बाजारमूल्याच्या निम्म्याहून जास्त रोख तिच्या ताळेबंदात दिसते. अशी कंपनी बुडणार कशी? रोख तरी खोटी नसेल ना?

उत्तर : सर्वांत मोठे घोटाळे रोख रकमेतच झाले आहेत, म्हणून या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

विक्री खोटी लिहिली की त्या विक्रीचे पैसे कुठेतरी दाखवावे लागतात. येणी म्हणून दाखवले तर येणी फुगतात आणि ऑडिटर विचारतो. म्हणून शेवटी ते ‘बँकेत जमा’ असे लिहिले जातात. वर्षानुवर्षं असं केलं की बँकेत नसलेल्या पैशांचा डोंगर उभा राहतो.

सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी हे आपल्याकडचं उदाहरण. तिचे शेअर न्यूयॉर्कमध्येही नोंदलेले होते, म्हणजे तिथल्या गुंतवणूकदारासाठी ती परदेशातून चालवली जाणारी कंपनीच होती. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. ३७६ कोटींचं न मिळालेलं व्याज, दडवलेली १,२३० कोटींची देणी आणि ४९० कोटींनी फुगवलेली येणी धरून एकूण आकडा ७,१३६ कोटी झाला.

इटलीच्या पार्मालात या दूध-खाद्य कंपनीने केमन बेटांवरच्या उपकंपनीच्या नावाने बँक ऑफ अमेरिकेत ३.९५ अब्ज युरो असल्याचा कागद ऑडिटरला दिला होता. डिसेंबर २००३ मध्ये बँकेने तो कागद खोटा असल्याचं सांगितलं. जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो फिलिपीन्समधल्या दोन बँकांच्या विश्वस्त खात्यांत असल्याचं दाखवलं होतं. जून २०२० मध्ये दोन्ही बँकांनी वायरकार्ड आपली ग्राहक नाही आणि कागद बनावट आहेत असं कळवलं. २५ जूनला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ऑडिटरला हे आधी का कळत नाही? त्याचं उत्तर लाँगटॉप फायनान्शियल या न्यूयॉर्कवर नोंदलेल्या चिनी सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात मिळतं. ऑडिटर बँकेच्या शाखेला विचारतो आणि शाखा सही-शिक्क्याचं पत्र देते. शाखेतलाच कुणी सामील असेल तर पत्र खऱ्या लेटरहेडवर येतं आणि मजकूर खोटा असतो. मे २०११ मध्ये तिची ऑडिटर असलेल्या डेलॉइटच्या लोकांनी शाखा सोडून थेट बँकांच्या मुख्यालयांत विचारणा सुरू केली. तेव्हा कंपनीच्या माणसांनी मध्ये पडून काम अडवलं आणि ऑडिटरचे कागद रोखून धरले. पुढे अध्यक्षांनी फोनवर सांगितलं की पूर्वीची विक्री खोटी होती, म्हणून रोखही खोटी आहे. डेलॉइटने राजीनामा दिला आणि शेअर शून्याकडे गेला.

घरबसल्या करण्याजोगी पहिली परीक्षा व्याजाची. वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची रोख शिल्लक (बँक ठेवी धरून) मिळवून दोनाने भागा. वर्षभराचं व्याजाचं उत्पन्न या सरासरीने भागा. समजा सुरुवातीला ९०० कोटी, शेवटी १,१०० कोटी, म्हणजे सरासरी १,००० कोटी. व्याज दिसतं ११ कोटी, म्हणजे १.१ टक्का. त्या देशात ठेवींना ४ टक्के मिळत असतील तर ४० कोटींच्या आसपास व्याज हवं होतं. उरलेले २९ कोटी कुठे गेले? एकतर पैसा वर्षभर नसतो आणि तिमाहीच्या शेवटच्या दिवशी उसना आणून दाखवला जातो, किंवा तो कुठेतरी अडकलेला आहे, किंवा तो नाहीच. पैसा युरोत किंवा येनमध्ये असेल तर जपून, कारण तिथे कित्येक वर्षं व्याज शून्याच्या आसपास होतं.

ही परीक्षाही फसवता येते. सत्यमने व्याजसुद्धा खोटंच लिहिलं होतं. म्हणून व्याज नफा-तोटा पत्रकात पाहून थांबू नका. रोख प्रवाह पत्रकात ते प्रत्यक्ष मिळाल्याचं दिसतं का आणि ताळेबंदात ‘येणं असलेलं व्याज’ दरवर्षी वाढतंय का, हे पाहा. सत्यमच्या त्या ३७६ कोटींचं मूळ तिथेच होतं. भारतीय कंपनी असेल तर खऱ्या ठेवीच्या व्याजावर बँक टीडीएस कापते, त्याचाही मेळ बसायला हवा.

दुसरी परीक्षा आणखी सोपी. एवढी रोख असताना कंपनी महागडं कर्ज का काढते? नवे शेअर का विकते? लाभांश का देत नाही? ‘पैसा चीनबाहेर काढायला परवानगी लागते’ किंवा ‘मोठं अधिग्रहण करायचं आहे’ ही उत्तरं एखाद्या वेळी खरी असतात. पण दोन-तीन वर्षं रोखही वाढतेय आणि कर्जही वाढतंय, असं दिसलं की आम्ही ती रोख शून्य धरून कंपनीची किंमत काढतो. तशी किंमत काढल्यावर शेअर स्वस्त वाटत नसेल तर तो स्वस्त नाहीच.

प्रश्न (कोल्हापूर) : विक्री खोटी आहे हे सामान्य गुंतवणूकदाराला कसं कळणार? आपण काही दुकानाबाहेर बसून गिऱ्हाइकं मोजू शकत नाही.

उत्तर : लकिनच्या बाबतीत कुणीतरी नेमकं तेच केलं. ३१ जानेवारी २०२० रोजी मडी वॉटर्स या संस्थेने एक निनावी अहवाल पुढे आणला. त्यासाठी दुकानांच्या गर्दीचं ११,२६० तासांचं चित्रीकरण केलं होतं आणि २५,८४३ पावत्या जमवल्या होत्या. दर दुकानी रोज विकलेले नग तिसऱ्या तिमाहीत किमान ६९ टक्के आणि चौथ्या तिमाहीत ८८ टक्के फुगवले आहेत, असा निष्कर्ष होता. ऑर्डरचे नंबर मधूनमधून उड्या मारत असल्याचंही त्यात होतं.

हे आपल्याला जमणार नाही. पण खोटी विक्री करणाऱ्याला खर्चही खोटाच दाखवावा लागतो आणि त्याची खूण ताळेबंदात उरते. एसईसीच्या आरोपपत्रानुसार लकिनने संबंधित पक्षांमार्फत ३० कोटी डॉलरहून जास्त बनावट विक्री दाखवली आणि ती झाकायला १९ कोटी डॉलरहून जास्त खर्च फुगवला. फुगवलेला खर्च जाहिरात, कच्चा माल, नवी यंत्रं किंवा अधिग्रहण असा कुठेही लपतो. म्हणून तीन-चार वर्षांचा नफा आणि त्याच वर्षांतला कामकाजातून आलेला रोख प्रवाह शेजारी-शेजारी लिहा. नफा वाढतोय आणि रोख येत नाही, ही पहिली खूण. रोख येतेय, पण तेवढीच ‘गुंतवणूक’ या सदराखाली बाहेर जातेय, ही दुसरी. दुसरी जास्त फसवी आहे, कारण वरवर सगळं छान दिसतं.

टोरंटोच्या बाजारात नोंदलेल्या सायनो-फॉरेस्टचा तर धंदाच असा रचला होता की मोजायला काही हाती येऊ नये. चीनमधली उभी जंगलं घ्यायची, ‘अधिकृत मध्यस्थां’मार्फत विकायची, आणि विक्रीचा पैसा कंपनीकडे न येता मध्यस्थाने परस्पर नव्या जंगलांत घालायचा. म्हणजे बँकेत ना जमा, ना नावे. जून २०११ मध्ये मडी वॉटर्सचा अहवाल आला, मार्च २०१२ मध्ये कंपनीने देणेकऱ्यांपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं. २०१८ मध्ये ओंटारिओच्या न्यायालयाने माजी प्रमुख ॲलन चॅन यांनी सुमारे २.६ अब्ज अमेरिकी डॉलर द्यावेत असा निकाल दिला. माल कंपनीच्या नावावर आणि पैसा कंपनीच्या खात्यातून, या दोन्ही गोष्टी जिथे दिसत नाहीत तिथे वाढीचा दर कितीही असो, थांबा.

अधिग्रहणांबद्दल एक भारतीय दुवा. ऑक्टोबर २०१५ मध्ये वायरकार्डने चेन्नईच्या हर्मीस आय तिकिट्स आणि तिच्या जोडीच्या व्यवसायांसाठी ३४ कोटी युरोपर्यंतची किंमत जाहीर केली. त्याआधी थोड्याच आठवड्यांत ते व्यवसाय मॉरिशसमधल्या एका फंडाने कितीतरी कमी किमतीत घेतले होते. विकत घेणारा एका देशात, व्यवसाय दुसऱ्या देशात आणि पैसा तिसऱ्या देशातल्या अनोळखी फंडाला गेलेला. अशी साखळी दिसली तर त्या फंडाचा मालक कोण हे अहवालात लिहिलेलं असलंच पाहिजे. नसेल तर शेअर घेऊ नका.

प्रश्न (दादर, मुंबई) : अधिकारी चोर निघाला तर संचालक मंडळ त्याला काढून टाकेल. मग एवढी भीती कशाला?

उत्तर : काढून टाकण्याचा ठराव आणि त्याच्या हातातून कंपनी सुटणं यांत कधी कधी वर्षं जातात. चीनमध्ये कंपनीचा नोंदणीकृत शिक्का आणि ‘कायदेशीर प्रतिनिधी’ म्हणून नोंदलेली व्यक्ती यांनाच बँक, न्यायालय आणि सरकारी कार्यालय ओळखतं. आर्म चायना या चिप-डिझाइन कंपनीच्या संचालक मंडळाने जून २०२० मध्ये प्रमुख ॲलन वू यांना हटवण्याचा ठराव केला. शिक्का आणि प्रतिनिधीची नोंद त्यांच्याकडेच राहिल्याने ते एप्रिल २०२२ पर्यंत कंपनी चालवत राहिले. मागे ब्रिटनची आर्म आणि जपानची सॉफ्टबँक असतानाची ही गोष्ट. आपल्या पन्नास शेअरची काय कथा?

याहून खोल धोका मालकीच्या रचनेत असतो. चीनच्या इंटरनेट व शिक्षण क्षेत्रांत परदेशी मालकीवर बंधनं आहेत. म्हणून केमन बेटांवर एक कंपनी काढतात आणि ती करारांच्या आधारे चीनमधल्या खऱ्या कंपनीचा नफा घेते. या रचनेला व्हीआयई म्हणतात. तुम्ही शेअर घेता तो केमनच्या कंपनीचा. परवाने, आणि पुष्कळदा ब्रँडही, चीनमधल्या दोन-तीन व्यक्तींच्या नावावरच्या कंपनीत असतात. अलीबाबाने अलीपे ही पैसे भरण्याची सेवा अशाच प्रकारे जॅक मा यांच्या नियंत्रणाखालच्या कंपनीकडे वळवली. मोठा भागधारक असलेल्या याहूने ही गोष्ट मे २०११ मध्ये आपल्या अहवालात उघड केली. सरकारी परवान्यासाठी ते गरजेचं होतं असं अलीबाबाचं म्हणणं, आणि जुलैमध्ये भरपाईचा करारही झाला. पण सर्वांत मौल्यवान तुकडा भागधारकांच्या मताशिवाय हलवता येतो एवढं त्यातून दिसलं. २०-एफच्या ४-सी मध्ये या रचनेची आकृती असते. तिच्यात तुटक रेषा दिसली तर तिथे मालकी नाही, नुसता करार आहे.

आणखी एक खूण : प्रमुखाने स्वतःचे शेअर तारण ठेवून कर्ज काढलं आहे का? लकिनच्या अध्यक्षांच्या कंपनीने ५१.८ कोटी डॉलरचं असं कर्ज घेतलं होतं. वायरकार्डच्या मार्कुस ब्राउन यांनीही शेअर तारण ठेवले होते. शेअर पडला की ज्याचं घरदार जाणार आहे, त्याला आकडे चांगले दाखवण्याची घाई असते. भारतीय कंपन्यांचे प्रवर्तक किती शेअर तारण ठेवून आहेत ते बीएसई-एनएसईवर दिसतं. परदेशात ते बरंचसं अहवालाच्या तळटीपांत शोधावं लागतं.

प्रश्न (ठाणे) : मंदीवाले स्वतःच्या फायद्यासाठी अहवाल छापतात. मग त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नियामकावर?

उत्तर : डोळे मिटून दोघांवरही नाही. मंदीवाल्याने आधीच उसना घेऊन शेअर विकलेला असतो (यालाच शॉर्ट सेलिंग म्हणतात), भाव पडला की त्याला नफा. लकिनवरचा अहवाल मडी वॉटर्सने पुढे आणला, तेव्हा सिट्रॉन या दुसऱ्या नावाजलेल्या मंदीवाल्या संस्थेने तो चुकीचा ठरवला होता. दुसरीकडे वायरकार्डच्या बाबतीत जर्मन नियामक बाफिनने फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन महिने शॉर्ट सेलिंगवर बंदी घातली आणि बातम्या देणाऱ्या फायनान्शियल टाइम्सच्या पत्रकारांविरुद्ध तक्रारही केली. नियामकाने बाजू घेतली म्हणजे कंपनी खरी, असं समजून ज्यांनी शेअर ठेवले, ते सव्वा वर्षाने बुडाले.

अहवालातली मतं बाजूला ठेवा आणि पडताळता येणारे दावे वेगळे काढा : अमुक पत्त्यावर कार्यालय नाही, स्थानिक नोंदणीतली विक्री आणि इथली विक्री जुळत नाही, अमुक पुरवठादार प्रमुखाचा नातेवाईक. मग कंपनीचं उत्तर वाचा. जी कंपनी मुद्देनिहाय कागद देते तिला वेळ द्या. फक्त ‘बदनामीचा कट’ म्हणून खटल्याची धमकी देणाऱ्या कंपनीतली निम्मी गुंतवणूक त्याच आठवड्यात काढावी, असं आमचं मत आहे. आणि ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला किंवा वार्षिक अहवाल उशिरा येणार असल्याचा ‘एनटी २०-एफ’ भरला गेला, तर खुलाशाची वाट पाहत बसू नका. त्यानंतर अनेकदा खरेदी-विक्रीच थांबवली जाते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : घोटाळा उघड झाल्यावर परदेशी शेअरचे पैसे परत मिळतात का? ॲपवर ‘५ लाख डॉलरपर्यंत विमा’ असं लिहिलेलं आहे.

उत्तर : तो विमा एसआयपीसीचा. अमेरिकी ब्रोकर बुडाला आणि तुमचे शेअर किंवा पैसे गायब झाले तर ५ लाख डॉलरपर्यंत (त्यात रोख २.५ लाखांपर्यंत) संरक्षण. कंपनीने फसवलं आणि शेअर शून्य झाला तर त्यातून एक पैसाही मिळत नाही.

वाट असते ती सामूहिक दाव्याची, म्हणजे क्लास ॲक्शनची. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या मॉरिसन निकालानंतर नियम असा : शेअर अमेरिकेतल्या बाजारात घेतला असेल तर अमेरिकी रोखे कायद्याने दावा चालतो, मग खरेदीदार कुठल्याही देशाचा असो. तोच शेअर फ्रँकफर्टमध्ये किंवा हाँगकाँगमध्ये घेतला असेल तर नाही. सत्यमच्या वेळी हा फरक फार झोंबला. न्यूयॉर्कमध्ये शेअर घेतलेल्यांच्या दाव्यात सत्यमने १२.५ कोटी डॉलर आणि ऑडिटर फर्मने २.५५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. मुंबईच्या बाजारात तोच शेअर घेतलेल्या आपल्या लोकांना तशी भरपाई मिळाली नाही. कंपनी कायदा २०१३ मधली सामूहिक दाव्याची तरतूद लागू झाली ती २०१६ मध्ये.

दाव्यात सामील व्हायला वकील नेमावा लागत नाही. तडजोड झाली की दाव्याचं संकेतस्थळ सुरू होतं, त्यावर मुदतीत अर्ज भरायचा. सोबत प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख, संख्या, भाव आणि ब्रोकरचं विवरण लागतं. मधल्या काळात ॲप बंद पडलं किंवा दुसऱ्या कंपनीकडे गेलं की ही विवरणं हाती लागत नाहीत, म्हणून दर तिमाहीची पीडीएफ स्वतःकडे उतरवून ठेवा. लकिनच्या गुंतवणूकदारांच्या दाव्यात १७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. अशा दाव्यांत बुडालेल्या रकमेचा साधारणपणे छोटासाच हिस्सा परत येतो आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात.

म्हणून मर्यादा आधीच घालावी. जिचे प्रमुख, बँक खाती आणि शेअर बाजार तीन वेगळ्या कायद्यांखाली आहेत अशा एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या २ टक्क्यांहून जास्त रक्कम घालू नये, असं आम्ही सुचवतो, आणि तीसुद्धा पूर्ण गेली तर चालेल असं धरून. निर्देशांक फंडातही वायरकार्ड होतीच, पण डॅक्स या जर्मन निर्देशांकातल्या तेव्हाच्या ३० कंपन्यांपैकी एक म्हणून.

प्रश्न (हिंजवडी, पुणे) : मी अमेरिकी कंपनीत नोकरीला आहे. दरवर्षी आरएसयू (पगाराचा भाग म्हणून ठरावीक काळाने हाती येणारे कंपनीचे शेअर) मिळतात. कंपनी चांगली आहे, म्हणून एकही शेअर विकलेला नाही. हाही धोका धरायचा का?

उत्तर : हो, आणि तुमच्या बाबतीत तो दुप्पट, कारण पगार आणि बचत एकाच माणसांच्या प्रामाणिकपणावर उभी आहे. दाभोळमुळे महाराष्ट्राला नाव माहीत असलेल्या एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यातला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास असलेला तो शेअर २००१ च्या अखेरीस एका डॉलरखाली आला, आणि नोकरीही गेली.

करामुळे हा फटका आणखी वाढतो. शेअर हाती येतो त्या दिवशीच्या भावावर तुमच्याकडून पगार म्हणून कर घेतला जातो. १०० शेअर ६० डॉलरने आले तर ६,००० डॉलरवर ३० टक्के, म्हणजे अधिभार न धरता १,८०० डॉलर कर. पुढे शेअर ६ डॉलरवर आला तर हातात ६०० डॉलरचे शेअर, आणि भरलेला कर परत मिळत नाही. उरतो तो फक्त भांडवली तोटा. हाती येताच विकले तर भांडवली नफा जवळजवळ शून्य असतो, म्हणजे त्यावर जादा कर नाही. निम्मे तरी हाती येताच विकावेत. फक्त निकालाच्या आसपास कंपनीने विक्रीला बंदी घातलेले दिवस पाळा.

प्रश्न (मडगाव) : व्हॉट्सॲपवर एका परदेशी कंपनीचे ‘आयपीओआधीचे’ शेअर देऊ करत आहेत. घ्यावेत का?

उत्तर : नको. परदेशातल्या अनोंदणीकृत कंपनीचे शेअर घेतले की फेमाखाली (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) ती थेट परदेशी गुंतवणूक ठरते. त्यासाठी बँकेमार्फत फॉर्म आणि मूल्यांकनाचे कागद लागतात. हे न सांगता दुसऱ्याच कुणाच्या खात्यात पैसे मागणारा माणूस कंपनीचा प्रतिनिधी नसतो.

प्रश्न (सांगली) : माझ्याकडचा एक परदेशी शेअर बाजारातून काढून टाकला आहे. हा तोटा प्राप्तिकरात दाखवता येईल का? विवरणपत्रात तो लिहायचा तरी का?

उत्तर : लिहायचाच. परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षात हाती असलेला प्रत्येक परदेशी शेअर दाखवावा लागतो, अखेरची किंमत शून्य असली तरी. त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ किंवा ३ लागतो. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही, पण माहिती देण्याचं बंधन तसंच आहे.

तोटा धरला जातो तो विक्री झाल्यावर. नुसता भाव शून्य झाला म्हणून तोटा मांडला तर अधिकारी तो नाकारू शकतो. बाजारातून काढलेल्या शेअरची अनेकदा अमेरिकेत बाजाराबाहेर, ओटीसीवर, खरेदी-विक्री सुरू राहते. लकिनचीही राहिली. तुमचा ब्रोकर तिथे विक्री घेतो का, हे आजच लेखी विचारा. काही ॲप घेत नाहीत आणि मग शेअर दुसऱ्या ब्रोकरकडे हलवावे लागतात. काही सेंटला विकले तरी विक्रीचा कागद मिळतो. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला असेल तर तो दीर्घकालीन तोटा ठरतो आणि फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो. त्याआधी विकला तर अल्पकालीन ठरतो आणि दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो. २४ महिने पुरे व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर त्याआधी विकणं फायद्याचं. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्या वर्षाचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं असेल तरच. विकण्याआधी सामूहिक दाव्यासाठी खरेदीचे कागद उतरवून घ्या. शेअर विकला तरी फसवणुकीच्या काळात केलेल्या खरेदीवरचा हक्क सहसा राहतो. अमेरिकी दाव्याच्या सूचनेत ‘क्लास पिरियड’ म्हणून दोन तारखा दिलेल्या असतात. तुमची खरेदी त्या तारखांच्या आत आहे का, ते आधी पाहा.